रामहरींच्या तळ्याचा फोटो

बारामतीत जोतीरामचं फोटोचं दुकान होतं. पण तो एखाद्या खेड्यात कुणाच्या दारात पेटी घेऊन उभा राहिला, की आजूबाजूची माणसं हातातली कामं टाकून गोळा व्हायची आणि हळू आवाजात विचारायची, "कोण गेलं?"

त्यांचं तरी काय चुकत होतं? सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. खेड्यातला माणूस जिवंतपणी आपण होऊन फोटो काढायला क्वचितच यायचा. तो गेला, की घरच्यांना एकदम आठवायचं, म्हाताऱ्याचं एकही चित्र घरात नाही. मग कुणीतरी सायकल मारत बारामती गाठायचं आणि जोतीराम लाकडी कॅमेरा नि तिपाई घेऊन निघायचा. मयताला खुर्चीत बसवायचं, पटका सारखा करायचा, मागून कुणाला तरी मान धरायला लावायची आणि धरणारा चादरीआड लपवायचा. जोतीराम हे काम मन लावून करी. पण घरी आल्यावर त्याची बायको म्हाळसा त्याला अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे, आणि बाजारात त्याला नाव पडलं होतं, मयतवाला.

हे नाव त्याला फार लागायचं. पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरांवर डोंगर, नद्या, ढगांनी भरलेलं आभाळ असायचं. जोतीराम ती कॅलेंडरं वर्ष सरल्यावरही काढत नसे. आपल्या हातून असं एखादं चित्र व्हावं, आपल्याकडचाच माळ, आपलाच कालवा, पण बघणारा जागच्या जागी थांबावा, एवढीच त्याची हौस होती.

त्या सुमारास माळेगावला साखर कारखान्याची यंत्रं बसवायला बाहेरून माणसं आली होती. त्यांत मद्रासकडचा एक साहेब होता. त्याला फोटोचा नाद. आपल्या फिल्मा तो जोतीरामच्या अंधारखोलीत धुवायला यायचा. त्याला मराठी येत नव्हतं, जोतीरामला इंग्रजी येत नव्हतं. शाळा चौथीतच सुटलेली. तरी दोघांचं जमलं. काम संपवून गावी निघताना साहेबानं त्याला दोन वस्तू भेट दिल्या. एक रुंद भिंग, ज्यातून समोरचा अर्धा मुलूख एका काचेत मावायचा. दुसरी करड्या रंगाची गोल काच, भिंगासमोर लावायची नि कड्यासकट फिरवायची. साहेबानं ती त्याच्या डोळ्यासमोर धरून फिरवली, तशी समोरच्या खिडकीच्या तावदानावरची सगळी चमक पुसली गेली आणि आतलं कपाट लख्ख दिसायला लागलं. आणखी थोडी फिरवली, की चमक परत आली. जोतीराम लहान मुलासारखा हसला.

मग साहेबानं एका हातात रुंद भिंग घेतलं, दुसऱ्यात ती काच, दोन्ही जवळ आणली आणि मान हलवली. आभाळाकडं बोट करून हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मध्येच एका जागी बोटं दाबून काही डाग पडावा तसं केलं. इंग्रजीत बरंच काही सांगितलं. शेजारी कारखान्याचा मराठी कारकून उभा होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं दोन शब्दांत समजावलं असतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत "मला कळलं न्हाय" हे शब्द जोतीरामच्या तोंडून निघेनात. तो आपला "येस सर, येस सर" म्हणत राहिला.

माघाच्या थंडीत इंदापूर तालुक्यातल्या बावड्याकडचे रामहरी दुकानात आले. भाजीपाला आणि केळी करणारा, चार लोकांत शब्दाला मान असलेला माणूस. कोण गेलं, असं जोतीराम सवयीनं विचारणार होता, तेवढ्यात रामहरीच म्हणाले, "शुभ काम हाय. आमच्या तळ्याचा फोटू काढायचा."

"तळ्याचा?"

"व्हय. जरा इचित्रच हाय. पर ऐका."

रामहरींची बहीण छबूबाई साताऱ्याकडं कृष्णाकाठच्या गावात दिलेली होती. तिनं तिथलीच एक मुलगी रामहरींच्या सोपानसाठी सुचवली होती. विजयमाला नाव. मुलीचा बाप नव्हता. चुलत्यानं पावसाळा सरता सरता येऊन घर बघितलं, मळा बघितला, होकारही दिला. पण मुलीची आई कुशाबाई अडून बसली होती. तिची थोरली लेक, बानू, इंदापूरकडच्याच कोरड्या गावात दिली होती. घागर शेंदताना पाय घसरून ती विहिरीत पडली, ती गेलीच. तेव्हापासून कुशाबाईनं या बाजूचं नाव टाकलं होतं.

"बाई म्हणती, पुरुष मान्सं पंगतीला बसली की त्यांना समदीकडं पाणीच पाणी दिसतंय. आन् पावसाळ्यात डबकं बी भरतंय. हिवाळ्यातलं तळं दावा. तिला संधिवात हाय, तिच्यानं येववत न्हाय. मंग छबू म्हणली, फोटू धाडा." रामहरी हसले. "तिचं तरी काय चुकलं? पोटची पोर गेलीया."

जोतीरामची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरांकडं गेली. हेच ते. मळा, तळं, वर आभाळ. रुंद भिंग आणि नवी काच, दोन्ही लावायची.

रामहरींचं तळं मळ्याच्या वरच्या अंगाला होतं. त्यांच्या वडलांनी नि चुलत्यांनी खणलेलं, काठाला दगड बसवलेलं. कालव्याचा पाझर लागायचा, म्हणून पाणी भर उन्हाळ्यातही, जेठापर्यंत, हटत नसे. हिवाळ्यात गाळ खाली बसून ते असं निवळ व्हायचं की काठाशी तळाचा एकेक दगड मोजावा. पलीकडच्या काठावर मोठं उंबराचं झाड होतं. एष्टीतून उतरून धुळीनं भरलेला जोतीराम आधी त्या पाण्यात उतरला, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग कडेच्या टेकाडावर तिपाई उभी केली आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं पडलं होतं. आभाळ खाली, तळं वर. पाण्यावर ऊन पसरलेलं, सगळं चकाकत होतं. जोतीरामनं समोर हात लांबवून करडी काच हळूहळू फिरवली. केळीच्या पानांवरचा पांढरट उजेड गेला. पाण्यावरची चकाकी विरत गेली आणि पाण्याखालचे दगड वर आल्यासारखे उमटले. आभाळ गडद झालं. असलं चित्र त्यानं कॅलेंडरावरही बघितलं नव्हतं.

बाहेरून रामहरी म्हणाले, "जोतीराम, पाणी लकाकलं पायजे बरं का. बाईला पाणीच बघायचं हाय."

कापडातून डोकं न काढताच जोतीराम म्हणाला, "तात्या, तुमी केळीचं बघा. फोटूचं मला बघू द्या."

रामहरी मागं सरले. त्यांच्या बायकोनं, फुलाबाईनं, जोतीरामला जेवू घातलं, वर केळ्याचा फणा बांधून दिला.

अंधारखोलीतल्या लाल उजेडात औषधाच्या ताटलीत प्रत उमलली. पानं सुरेख आली होती. उंबर तर कोरून काढावा तसा. पण तळ्याच्या अलीकडच्या भागात नुसते दगड दिसत होते. मधलं खोल पाणी काळ्या मातीसारखं पडलं होतं. उंबराच्या पायथ्याशी तेवढी चकाकती पट्टी होती, आटत आलेल्या डबक्याएवढी. आणि आभाळात मधोमध मोठा काळसर पट्टा, दोन्ही बाजूंना मात्र फिकट. त्या दिवशी तर आभाळ निरभ्र होतं. मद्रासी साहेबाचं आभाळात फिरलेलं बोट त्याला आठवलं. हेच तो सांगत होता. रुंद भिंगात ही काच सगळीकडं सारखी चालत नाही, एके ठिकाणी जास्त खाते, दुसरीकडं कमी.

दुसऱ्या दिवशीची एष्टी होती. बावड्याला जाऊन, काच काढून, दुसरा फोटो घेता आला असता. पण मग रामहरींना सांगावं लागलं असतं, की तुमचं ऐकलं नाही, चुकलं. जोतीरामनं प्रत परत उचलून धरली. दगड किती छान आलेत, तो मनाशी म्हणाला. बघणाऱ्याला कळेलच, पाणी एवढं निवळ आहे म्हणून तळ दिसतोय. त्यानं स्वतःची समजूत घातली, कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं आपलं नाव घातलं आणि फोटो टपालानं थेट छबूबाईकडं रवाना केला. एक प्रत दुकानाच्या दर्शनी काचेत लावली. येणारेजाणारे थांबायला लागले. "काय आभाळ भरून आलंय, वा!" म्हणायला लागले. जोतीराम मान डोलवायचा, आणि आत काहीतरी टोचायचं.

होळीच्या आसपास रामहरी पुन्हा दुकानात आले. लग्नाची बोलणी मोडली होती. दुकानात तेव्हा एक व्यापारी कुटुंबकबिल्यासह फोटोला बसला होता, आणि बाकावर दोघं-तिघं खोळंबलेली. रामहरी दारातच थांबले.

"कुशाबाईनं फोटू बघितला," ते म्हणाले. "म्हणली, तळ्याचं दगुड उघडं पडल्यात नि पावनं म्हणत्यात जेठापत्तोर पाणी ऱ्हातंय. लबाड मान्सं. चार मान्सांत म्हणली. छबूला तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर कळत नसल्यासारखं ते जोतीरामकडं बघत होते. "जोतीराम, तुमी सांगा. त्या दिशी तळ्यात पाणी व्हतं का न्हवतं? तुमी त्यात पाय धुतलंत."

दुकानात सगळे ऐकत होते. व्यापाऱ्यानं मान वळवली. जोतीरामच्या मनात खरं उत्तर तयार होतं. पण ओठांवर आलं ते दुसरंच.

"तात्या, कॅमेरा जे असतंय तेच धरतोय. त्याच्या पदरचं काय न्हाय घालत."

बाकावरचा एक जण फिसकन हसला. रामहरींनी टोपी सारखी केली आणि खाली मान घालून पायरी उतरले. जोतीरामनं कापडात डोकं घातलं. व्यापारी, त्याची बायको, मुलं दुधी काचेवर उलटी दिसत होती. ती कितीतरी वेळ त्याला नीट दिसलीच नाहीत.

म्हाळसा पडद्यामागच्या खोलीत भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दुपारी जेवायला वाढताना ती म्हणाली, "तुमी त्या दिशी आलात तवा धोतराचा सोगा गुडघ्यापत्तोर ओला व्हता. मीच वाळत घातला."

जोतीराम घास हातात धरून बसला.

"मयताचं फोटू काढता म्हणून मला कधी लाज न्हाय वाटली," म्हाळसा म्हणाली. "आज वाटली." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

पुढचे काही दिवस जोतीरामला दुकानात बसवेना. दर्शनी काचेतला फोटो त्यानं काढून टाकला, तरी लोक विचारायचेच, "ते भारी आभाळ कुठं गेलं?" अखेर एका सकाळी त्यानं करडी काच रुमालात गुंडाळली, दुकानाला कुलूप घातलं आणि फलटणमार्गे साताऱ्याची एष्टी धरली. म्हाळसानं भाकरी बांधून दिली. कुठं निघालात, हे तिनं विचारलं नाही.

कुशाबाईचं घर छबूबाईच्या घरापासून जवळच होतं. छबूबाईनं त्याला लांबूनच घर दाखवलं. ती सोबत आली नाही. कुशाबाई दाराशेजारी घोंगडीवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधलेला. आपण कोण हे जोतीरामनं सांगितल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"काय काम हाय?"

"मावशी, एक परात पाणी मिळंल का? आन् मूठभर तांदूळ."

आतून एक मुलगी परात घेऊन आली. उंच, सावळी, हातांत हिरव्या बांगड्या. ही विजयमाला असणार हे त्याला कळलं. त्यानं तांदूळ परातीच्या तळाशी पसरले, वर पाणी ओतलं आणि परात दाराच्या उजेडात ठेवली. पाणी चमकायला लागलं.

"तांदूळ दिसत्यात?"

"न्हाय. उजेड पडलाय वर."

जोतीरामनं काच कुशाबाईच्या डोळ्यापुढं धरली नि फिरवली. ती पुढं वाकली. पाण्यावरचा उजेड सरला आणि एकेक तांदूळ दिसायला लागला. जणू परातीत पाणीच नव्हतं. तिनं हात पुढं करून बोटं बुडवली, ओली बोटं बघितली. मग काच स्वतःच्या हातात घेऊन फिरवली. उजेड आला. गेला. आला.

"ही काच मी फोटू काढताना लावली व्हती," जोतीराम म्हणाला. "तळं भरल्यालं व्हतं, मावशी. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा ऱ्हायलो व्हतो. रामहरीतात्या खरं बोललं."

कुशाबाईनं काच खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "तुमाला हे कधी कळलं?"

या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. वाटभर त्याला वाटत होतं, काच दाखवली की सगळं आपोआप उलगडेल. "फोटू धुतला तवाच," तो म्हणाला.

"आन् तरी धाडला."

"व्हय."

"मी त्या फोटूवर माझी बानू बघितली हो," कुशाबाई म्हणाली. "ते दगुड बघितलं नि मला तिची घागर दिसली. दुसऱ्या ठिकाणी सुपारी फोडली आमी परवाच्या सोमवारी. आता माघारी कसं फिरायचं? त्या घरानं काय पाप केलंय?"

हिरव्या बांगड्या जोतीरामनं मघाशीच बघितल्या होत्या, त्यांचा अर्थ आता लागला. विजयमाला परात उचलायला आली. खाली वाकून तिनं हळूच विचारलं, "फोटूत झाड हाय, ते कशाचं?"

"उंबराचं."

"मोठं हाय?"

"लई मोठं."

ती परात घेऊन परसात गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. जोतीरामला वाटलं, जमीन दुभंगावी नि आपण आत जावं.

तो उठला, तशी कुशाबाई म्हणाली, "थांबा. मी त्या माणसाला लबाड म्हणले. त्याच्या तळ्यावर जावा आन् सांगा, कुशाबाई चुकली. तुमी चुकलात ते बी सांगा. पर दोन्ही येगळं येगळं सांगा. माझ्या चुकीच्या आड तुमची लपवू नगा."

दुसऱ्या दिवशी तो बावड्याला पोचला तेव्हा रामहरींच्या मळ्यात वांग्यांची तोडणी चालली होती. बाजाराचा माल भरायचा होता. बायका वाफ्यांत होत्या, गडी पाट्या बैलगाडीत चढवत होते. सोपान गाडीवर उभा होता. जोतीरामला एकट्या रामहरींना बाजूला घ्यायचं होतं. पण दुकानात त्यानं त्यांना एकट्याला गाठून बोल लावला नव्हता. तो बांधावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. साहेबाचं न कळलेलं बोलणं, पाणी लकाकावं हे रामहरींचं न ऐकलेलं सांगणं, लाल उजेडातली प्रत, दुकानातलं खोटं, सगळं. कुशाबाईचा निरोपही सांगितला, वेगळा, आणि पोरीचं दुसरीकडं जमल्याचंही. बायकांचे हात वाफ्यांत थांबले होते. सोपाननं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि गाडीवरून उतरून बैलांपाशी गेला.

रामहरींनी हातातली पाटी खाली ठेवली. "त्या दिशी दुकानात का न्हाय बोलला?"

"लाज वाटली, तात्या."

"आन् मला बी वाटंल, ते ध्यानात न्हाय आलं."

"न्हाय आलं."

रामहरींनी मान हलवली. "पोरीचं जमलं म्हणता?"

"जमलं."

"मंग तिचं चांगलं होऊ दे." ते पाटीपाशी बसले, एक किडकं वांगं उचलून बाजूला टाकलं. "जेवूनच जावा. लांबनं आलाय."

फुलाबाईनं त्याला ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. काही कमी नव्हतं. फक्त ती समोर थांबली नाही, आणि पाहिजे-नको विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सोपानचं लग्न माळेगावकडच्या मुलीशी झालं. रामहरींनी जोतीरामला नि म्हाळसाला बोलावणं धाडलं. फोटोला मात्र इंदापूरचा माणूस होता. जोतीराम मांडवात मागं बसला. पंगतीत रामहरी स्वतः बुंदी वाढत आले, त्याच्या पानात जरा जास्तच टाकली आणि पुढं गेले. त्याला मान वर करता आली नाही. म्हाळसा पलीकडं बायकांच्या पंगतीत बसली होती. तिनं ते बघितलं आणि नजर वळवली.

त्यानंतर कितीतरी वर्षं जोतीरामनं फोटो काढले. लग्नाचे, बारशाचे, मयताचेही. मयतवाला म्हटलं तर आता तो चिडत नसे. रुंद भिंग तो वापरी, पण ती करडी काच त्यानं परत त्यावर कधी चढवली नाही. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन "झकास आलाय" म्हणालं, की तो पैसे घ्यायच्या आधी म्हणायचा, "नीट बघा हो. उजेडात नेऊन बघा. खरं नसंल असं काय दिसलं, तर आत्ताच सांगा."

लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस आहे. म्हाळसा पडद्यामागं ऐकायची आणि भाजी निवडत राहायची.